मी सरळ करून आणलेली पाती

माझी भाची आज बर्फावरच्या छोट्या ट्रॅकच्या स्केटिंगमध्ये देशात पहिली आहे. आणि माझ्यामुळे ती तिथवर पोचलीच नसती, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर भाऊ सांगतो, आणि तिखटमीठ लावून सांगतो.

पेडण्यात बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला. पोर शिकली ती चाकांच्या स्केटवर, तुयेच्या कारखान्यांच्या रस्त्यावर, रविवारी ट्रक नसत तेव्हा. पुढे तिच्या स्केटिंगच्या सरांनी तिला डेहराडूनला नेऊन खऱ्या बर्फावर उभी केली. तिथे चाकं नाहीत, बुटाखाली लांब पोलादी पातं. एका लहानशा गोलात पोरी एकमेकींना खेटून धावतात, सदा डावीकडे वळत. मी फोनवर एकदाच बघितलं आणि फोन उलटा ठेवला.

त्या वर्षी ती नवरात्रात चार दिवस घरी आली. दसऱ्याच्या सकाळी परत निघायचं, आणि पोचल्या पोचल्या भारताच्या संघाची निवड. भावाने तिला बजावलं होतं, यंदा नाही झालं तर स्केट माळ्यावर आणि तू कॉलेजात.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. आदल्या दिवशी मी कोयते आणि विळी लोहाराकडे धारेला नेली, त्यात तिचे स्केटही घातले. पोरीचं हत्यार तेच ना! लोहाराने एक पातं डोळ्यासमोर धरलं.

"बाये, ह्या डावीकडे वाकलेला आसा."

"प्रवासात वाकला असतला. सरळ कर. आणि धार अशी काढ की केस तुटाक होयो."

त्याने काढली. मी खूश.

नवमीला सकाळी सगळं मांडून झेंडूचे हार घातले. भाची आंघोळ करून आली, स्केटवरचं कुंकू बघून हसली. मग एक स्केट उचलून पातं डोळ्यासमोर धरलं.

"आत्ये, ह्या कोणी केला?"

मग मला कळलं. ते पातं मुद्दाम वाकवलेलं असतं, वळण घेता यावं म्हणून. आणि त्याला कोयत्यासारखी मधोमध धार नसते. तळ सपाट, दोन्ही कडा तीक्ष्ण. माझ्या धारेवर ती पहिल्याच वळणाला आडवी झाली असती.

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुका म्हायत नव्हता गो."

तिच्या स्कूटरवर मागे बसून मी लोहाराकडे गेले. त्याचीही ऐरण, हातोडे, सांडशी, सगळं पूजेत.

"आज हात लावचय नाय. उद्या दुपारी येवा."

"उद्या दुपारी ह्या गाडीयेत असतला," मी म्हटलं, आणि मला रडूच आलं.

त्याने पोरीच्या हातातलं पातं घेतलं. मग म्हणाला, "बिघडला ता माझ्याच हातान. देव माकाच विचारतलो मां." उदबत्ती लावली, हात जोडले आणि हातोड्यावरचा हार काढून बाजूला ठेवला.

सर फोनवर, फोन भाचीच्या हातात. मध्ये लाकूड घालून तो हलके हलके ठोके घाली, ती पातं डोळ्यासमोर धरून बघे आणि म्हणे, "अजून थोडा, काका."

"सरळ कर म्हणणारे रोज येतत," तो म्हणाला. "वाकडा कर म्हणणारा चेडू पयलाच बघतय."

मग घरी येऊन ती संध्याकाळपर्यंत दगडावर पाती घासत बसली. मी तेल घालत होते. कडेवरून अंगठ्याचं नख ओढायचं, नखाची साल निघाली म्हणजे झालं. माझी दोन्ही नखं संपली.

चार दिवसांनी फोन आला. "आत्ये, घेतलांनी माका!" सरांनी पात्याला मोजमाप लावून बघितलं म्हणे, तर डावं जरा जास्तच वाकलेलं. ते नीट करायला निघाले तर ही देईना. त्याच्यावर वळण आतल्या अंगाने घेता येतं, म्हणाली.

आता पदकं झाली, नवी पाती झाली. पण घरी आली की बॅग सोप्यावर टाकते आणि स्केट घेऊन आधी लोहाराकडे पळते. परवा मी रागावले. "आत्या हंय चाय घेऊन बसली हा, आणि तू थंय?"

"तुझ्या हातात पडाच्या आधी पाती त्याच्याकडे ठेवून येतय," म्हणाली, आणि माझ्याच कपातला चहा पिऊन टाकला.