न वाजलेल्या खुर्च्या

आमच्या थिएटरात तीनशे चाळीस लाकडी खुर्च्या होत्या. एकवीस वर्षं त्यांची देखभाल मी केली. मी फिटर. ज्यांच्याबद्दल लिहितोय ते संकलक. चित्रपटाच्या फितीतला नको तो भाग कापायचा आणि उरलेलं जोडायचं, हे त्यांचं काम. सगळे त्यांना कात्रीसाहेब म्हणत. खांदे पुढे आलेले, डोळे कायम लाल. दिवसभर वाकून फीत बघणाऱ्याचं तसंच होतं.

चित्रपट लागण्याआधी ते आमच्याकडे सकाळी एक चाचणीचा खेळ लावत. आसपासच्या दुकानांतली, कारखान्यांतली माणसं फुकट बोलावत. स्वतः पडद्याकडे पाठ करून कोपऱ्यात बसत, हातात घड्याळ आणि वही. खुर्ची कुरकुरली की वेळ टिपायची. एकाच मिनिटाला दहा-बारा कुरकुरल्या की तिथली फीत कापायची.

"विचारलं तर सगळे छानच म्हणतात," ते म्हणायचे. "बूड खोटं बोलत नाही."

त्यांची बायको, आमच्या वहिनी, हसायच्या. "घरीही तेच. माझं बोलणं लांबलं की हे खुर्ची सरकवतात. मी समजते, कापा म्हणून."

त्यांचे आधीचे दोन चित्रपट लोकांना रटाळ वाटले होते. हा नवा तिसराही पडला तर कात्री खाली ठेवा, असं निर्मात्याने तोंडावर सांगितलं होतं. वय अठ्ठावन्न. दुसरं काम येत नव्हतं. त्याच चित्रपटातला एक प्रसंग त्यांच्या घशात अडकला होता. मुलगा घर सोडून जातो आणि आई त्याचा बिछाना घालते. तीन मिनिटं. ठेवावा की कापावा, ठरेना. खुर्च्या सांगतील, म्हणाले.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात मॅनेजरने मला फैलावर घेतलं, खुर्च्या फार वाजतात म्हणून. चार दिवस मी गुडघ्यांवर होतो. एकेक बोल्ट आवळला, एकेक बिजागरीला तेल दिलं. काम चोख झालं. साहेबांचं काय होईल, हे डोक्यातच आलं नाही.

खेळ संपला. साहेब उठले तेव्हा कधी नव्हे ते ताठ उभे होते.

"फिटर, त्या प्रसंगात एक खुर्ची वाजली नाही! एकही नाही!"

गप्प बसता आलं असतं.

"साहेब, मी तेल दिलंय खुर्च्यांना."

ते खाली बसले. खुर्ची वाजली नाही.

"सगळ्या?"

"तीनशे चाळीस."

"एखादी तरी चुकवायचीस, मेल्या."

"मी चुकवत नाही."

प्रती काढायला रिळं दुसऱ्या दिवशी जायची होती. पुन्हा माणसं जमवायला वेळ नव्हता. त्यांनी कोरी वही मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तू कुठे होतास?"

"दाराशी, उभा."

"बिछान्याच्या वेळी?"

"खरं सांगू? पाणी प्यायला गेलो. आलो तरी बाईचं चालूच होतं."

त्यांनी पेन काढलं. "गेलास तेव्हा काय करत होती?"

"चादर झटकत होती."

"आलास तेव्हा?"

"उशी ठेवत होती."

"मधलं काय चुकलं तुझं?"

"काहीच नाही. झटकली म्हणजे अंथरणारच की."

त्यांनी चादर झटकण्यापासून उशीपर्यंतचं सगळं कापलं. उशी ठेवून ती नुसतीच बसते, तेवढं मात्र पूर्ण ठेवलं.

"तेही लांबच आहे," मी म्हटलं.

"तेव्हा परत बाहेर गेलास?"

"नाही."

"झालं तर."

चित्रपट नऊ आठवडे चालला. फार नाही, पण पडला नाही. साहेबांना पुढचं काम मिळालं. त्याच्या चाचणीच्या आदल्या दिवशी मी पाना घेऊन मधल्या दोन रांगांत शिरलो आणि बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सैल केले. चोख केलेलं काम बिघडवायला हात चालत नव्हता. दोन तास लागले. मॅनेजर वाट्टेल ते बोलला. ऐकून घेतलं.

सकाळी साहेब आले, पडद्याकडे पाठ करून बसले. दिवे मालवले. थोड्या वेळाने मधल्या रांगेत एक खुर्ची कुरकुरली. त्यांनी घड्याळ बघितलं आणि वही उघडली.