आईच्या हातांवर सोनेरी ऑइल पेंट

मंडळी, सकाळपासून डोकं भणभणून राहिलंय.

माझी आई जन्मभर हिंगोलीत एका आडतीवर हळद निवडायची. ती गेल्यावर दादानं काळ्या दगडात तिची ओंजळ कोरली. बोटांवरच्या भेगासुद्धा जशाच्या तशा उतरवल्या. तिची आठवण म्हणून आमी ते शिल्प बागेसाठी नगरपालिकेला दिलं. त्यांनीही रीतसर ठराव करून घेतलं.

आज अनावरण होतं. लवकर जाऊन पाहते तर अख्ख्या ओंजळीवर सोनेरी ऑइल पेंट. भेगा पार बुजून गेलेल्या.

"हे काहून केलं?" मी विचारलं.

बागेचं काम पाहणारे साहेब म्हणाले, "ताई, मोठे पाहुणे येऊन राहिले. ते भेगा पडलेले हात बराबर दिसत न्हवते."

दादा खाली बसून नखानं रंग खरवडत राहिला. त्याला बाजूला व्हायला सांगून पाहुण्यांनी फोटो काढले.

आईनं निवडलेली हळद तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या घरात चालली. मग तिचे हात काहून चालले न्हाईत, एवढं मला कुणीतरी सांगा.