अशूच्या कंपनीला टाळं

घरातलं एक माणूस रेसच्या गाड्यांच्या कंपनीत असलं, की किस्से सांडग्यांसारखे साठत जातात. एक डबा भरला की दुसरा काढा! माझी नागापूर एमआयडीसीत खानावळ. जेवायला येणारे सगळे फिटर, वेल्डर, मशीनवरचे. वाढता वाढता मी लेकीचं काही सांगितलं की त्यांचा घास हातातच राहतो. आणि खरं सांगते, पहिल्यांदा ऐकताना माझीही तीच गत झालेली असते.

लेक अश्विनी, आमची अशू. इथं इंजिनिअर झाली, पुढचं शिकायला इंग्लंडला गेली आणि तिथंच एका रेसच्या टीमला चिकटली. जगातल्या सगळ्यात जोरात पळणाऱ्या गाड्या बनवतात ते लोक. ती जातानाच मी बजावलं होतं, "दोन वर्सं काय करायचं ते कर. मग घरी यायचं आन् मी म्हणंल तिथं लगीन." ती हो म्हणाली. पोर हो म्हणून गेलेली आहे, हे ध्यानात ठेवा.

*

लोकांना वाटतं, पोरगी गाडी पळवते. मलाही तसंच वाटायचं. एकदा सरळ विचारलं.

"नाही गं आई. ब्रेक तापू नये म्हणून त्याला वारा जातो ना, त्या नळीवर माझं काम."

"आन् बाकीची गाडी?"

"बाकीची बाकीचे बघतात. शेकड्यांनी माणसं आहेत इथं."

"वर्सभर एकच नळी?"

"आई, यंदा नळीचं फक्त तोंड!"

मी फोन खाली ठेवला आणि तांब्याभर पाणी प्यायले. एवढं शिकवलं, आणि लेकीच्या वाट्याला अख्खी नळीसुद्धा नाही!

*

एकदा त्यांची टीम जिंकली. मी खानावळीत सगळ्यांना गुलाबजाम वाढले. दोन दिवसांनी फोन केला, तर मागं नुसता खडखडाट.

"काय चाललंय गं?"

"गाडी परत आली ना, ती खोलतायत. शेवटच्या नटापर्यंत."

"बिघडली व्हय?"

"बिघडली कशाला? जिंकली!"

अशूचे वडील टेम्पो चालवतात. त्यांनी फोन माझ्या हातातून ओढलाच. "अगं येडे, चालत्या गाडीला बोट लावू न्हाई! उघडलं की कायतरी सापडतंच!"

"म्हणूनच उघडतात, पप्पा."

त्या दिवसापासून यांनी टेम्पोचं बॉनेट उघडायचंच सोडलं. म्हणतात, भ्या वाटतं!

*

पुढं कळलं, गाडीचा रंग खरवडून काढला. का? तर रंगाला वजन असतं, आणि गाडी जड झाली की मागं पडते.

माझ्याकडं पेंट शॉपमधली दोन माणसं जेवतात. जन्म गेला त्यांचा रंग मारण्यात. हे ऐकून त्यांची आमटी ताटातच निवली.

मी फोनवर फटकारलं, "चांगला रंग कशापायी खरवडता? त्यापरीस त्या ड्रायव्हरला दोन घास कमी वाढा म्हणावं!"

"कमीच वाढतात, आई. तोलून मोजून देतात त्याला."

मी खानावळवाली बाई! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "एवढा जिंकणारा माणूस आन् अर्धपोटी? मेल्यांनो, लाज वाटती का! त्याला आठ दिस माझ्याकडं धाड. मासवडी खाऊ घालते."

"मग गाडीत बसेल का तो?"

*

एकदा मात्र पोरीचा फोन आला तो रडतच. रेसमध्ये तिच्या त्या नळीचं तोंड तडकलं, ब्रेक तापले आणि गाडी मधेच बंद. सगळं जग टीव्हीवर बघत होतं.

मी म्हणाले, "आता काढत्यात तुला. बॅग भर."

इथल्या कंपन्या मी बघितल्यात. काही मोडलं की आधी माणूस शोधतात, मग मोडका तुकडा. दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून फोन केला.

"साहेब किती वरडला?"

"ओरडला नाही. एवढंच विचारलं, काय झालं? मी उठून सांगितलं, भाग माझा होता. म्हणाला, बरं, पुढच्या रविवारी रेस आहे, त्याच्या आत नवीन हवा."

"बास? येवढंच?"

"एवढंच."

मग आठवडाभर पोरीचा फोन नाही. आला तेव्हा आवाज पार बसलेला. जेवली कधी, झोपली कधी, तिला सांगता येईना. नवीन भाग मात्र वेळेत गेला.

मी म्हणाले, "यापरीस शिव्या बऱ्या हुत्या गं!"

*

आणि ऑगस्टात तर कहरच. अशूचा फोन, "आई, कंपनी बंद झाली. सगळ्यांना घरी पाठवलं. ईमेलसुद्धा उघडायचा नाही म्हणून सांगितलंय."

नागापुरात कंपनी बंद म्हणजे काय ते सांगायला नको. गेटला टाळं आणि बाहेर मांडव टाकून बसलेली माणसं. मी कपाळाला हात लावून खालीच बसले. बबनराव म्हणून आमचे जुने फिटर आहेत, ते ताटावरून उठून आले. "वहिनी, रडू नका. तिकडं युनियन हाय का इचारा. आपण सोडायचं न्हाई!"

मग अशूनं उलगडून सांगितलं. रेसचा नियमच आहे. तिकडच्या उन्हाळ्यात दोन आठवडे सगळ्या टीम बंद. कुणी गाडीच्या कामाला हात लावायचा नाही. लावला तर दंड!

"काम केलं म्हणून दंड?"

"टाळं लावल्याशिवाय घरी जातच नाहीत ना इथली माणसं."

बबनरावांनी फोनजवळ तोंड नेऊन हळूच विचारलं, "आन् पगार?"

"चालू असतो, काका."

बबनराव माझ्याकडं बघून म्हणाले, "वहिनी, अर्ज कुठं करायचा?"

*

त्याच सुट्टीत अशू घरी आली. दोन वर्षं भरत आली होती. मी सुप्याचं एक स्थळ ठरवून ठेवलं होतं. मुलगा गप्प बसणारा, बोलणारा त्याचा मामा. पोहे खाता खाता मामा म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पर लग्नानंतर हे गाड्यांचं खूळ बंद. पोरीच्या जातीला काय करायचंय त्यातलं? घरची गाडी हाय, तिच्यात बसायचं."

अशूनं रिकाम्या बशा गोळा केल्या. शब्द दिला होता ना तिनं. फक्त एकदा माझ्याकडं बघितलं.

मंडळी निघाली. मामांनी चावी फिरवली, गाडी दोनदा खोकली आणि बंद. पुन्हा फिरवली, पुन्हा बंद. मामा घामाघूम. बॉनेट वर केलं, आत डोकावले आणि तिथूनच हाक मारली, "ये गं पोरी! इंजिनिअर ना तू? बघ जरा!"

अशू बाह्या वर करत निघालीच होती. मी तिचं मनगट धरलं.

"न्हाई मामा. तिच्या कंपनीचा शटडाऊन चालू हाय. गाडीला हात लावायचा न्हाई, नियम हाय."

"अवो, ही काय रेसची गाडी हाय?"

"गाडी ती गाडी."

"मग उघडायची कवा तुमची कंपनी?"

"सोमवारी," मी म्हणाले. "आन् सोमवारी ती तिकडं असंल."