वांग्याचं बी कधी टाकायचं

आमच्या घरात आषाढी एकादशीला वांगं बंद होतं आणि चंपाषष्ठीला उघडतं. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच घरानं वांगं खायचं. बाजारचं वांगं चालत नाही असा नियम नव्हता, पण बाबांनी ते कधी आणू दिलं नाही. विहिरीजवळच्या वाफ्यात ते घरचं बी टाकत, पुढे रोपं सरीत लावत आणि षष्ठीच्या सकाळी पाटीभर हिरवी वांगी आईसमोर ठेवत.

बी कधी टाकता, हे मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा दप्तर घेऊन नांदुऱ्याच्या एसटीची वाट पाहत असे. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. वाफ्याकडे जाऊ लागले की बाबाच मला हुसकावत, "तू जाय, गाडी जाईन."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू चालू लागला, बोलणं मात्र आलं नाही. एकच शब्द उरला: हाव, म्हणजे हो.

श्रावण आला तेव्हा आई म्हणाली, "औंदा वांगे तूच लाव. त्यायले घरचं भरीत भेटलं पाह्यजे." दवाखान्यातून आल्यापासून बाबा जेवणाकडे नीट पाहतही नव्हते. षष्ठीच्या ताटावर तिची सगळी आशा होती.

"पण बी कधी टाकायचं?"

"मले काय विचारतं? वाफा त्याईचा, चूल माही."

मी बाबांपाशी बसले. "मघा नक्षत्रात टाकू?" "हाव." "पूर्वात?" "हाव." "उत्तरात?" "हाव." त्यांचा चेहरा प्रत्येक वेळी तितकाच खात्रीचा होता.

काका म्हणाले, उत्तराच्या आधी टाकशील तर वाफा सडेल. शेजारच्या शेतातले चाचा म्हणाले, पूर्वा सोडू नको. मी म्हटलं, दोघांचं दोन ठिकाणी, मी काय करू? चाचा हसले, "काऊन बेटी, तुह्या कॉलेजात वांगं नव्हतं का?"

शेवटी मला मोबाइल आठवला. झटक्याच्या आदल्या वर्षी बी टाकताना बाबांचा मी फोटो काढला होता. वाफ्यात वाकलेले बाबा, मागे दावणीला बैल, आणि फोटोवर तारीख. इतकं सरळ उत्तर हातात असताना मी लोकांना विचारत फिरले याचं मला हसू आलं. त्याच तारखेला मी बी राखेत घोळवून वाफ्यात टाकलं.

रोपं छान उगवली. लावली, तगली, फुलली. एके दिवशी आई कालनिर्णय पाहत म्हणाली, "षष्ठी तर आली बाप्पा!" मी दचकले. आदलं वर्ष अधिक महिन्याचं होतं. त्या वर्षी सगळे सण उशिरा आले होते, या खेपेला ते अलीकडे सरकले होते. माझी तारीख बरोबर होती आणि षष्ठी तिच्यासाठी थांबणार नव्हती.

षष्ठीच्या सकाळी झाडांवर बोटाएवढी वांगी होती. मी त्यातली दोन तोडली आणि बाजारातून भरताची वांगी आणली. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर आईनं मोठी वांगी भाजली, शेवटी ती दोन लहानगी निखाऱ्यात सारली आणि सगळं एकत्र कुस्करलं. नैवेद्य झाल्यावर ताट बाबांपुढे ठेवून म्हणाली, "खा, आपल्या वाफ्यातलं हाय."

बाबांनी घास घेतला, बराच वेळ चावला. माझ्याकडे पाहिलं. "हाव," म्हणाले. त्यांनी रोडगाही संपवला. आई पदराआड डोळे पुसत होती. त्यांना चव कळली होती की नव्हती, मला सांगता येणार नाही.

दुपारी मी तो फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा बैलाची शिंगं दिसली. रंगवलेली. म्हणजे पोळ्याच्या सुमाराला? पोळाही तिथीनंच येतो, षष्ठीसारखा मागेपुढे सरकतो. पण त्या वर्षी उत्तरा नक्षत्रही त्याच सुमाराला लागलं होतं, शिवाय शिंगांचा रंग तर पोळ्यानंतर कितीतरी दिवस टिकतो.

फोटो मी बाबांना दाखवला. त्यांनी बोट बैलावर ठेवलं आणि तिथंच राहू दिलं. तो बैल आम्ही त्यांच्या आजारपणात विकला होता.

"पोळ्याले टाकत होते ना, बाबा?"

"हाव."

"का उत्तरात?"

"हाव."

बोट बैलावरच होतं.

आईनं एक वांगं बियाण्यासाठी झाडावर पिकू दिलं. यंदा त्यातलं अर्धं बी मी पोळ्याला टाकणार आहे. उरलेलं राखेत तसंच ठेवीन, बाबांना पुन्हा एकदा विचारून पाहीपर्यंत.