गुंडा डॉक्टरचा खोंड

विट्याजवळच्या त्या गावात निम्म्या घरांना कुलपं होती. माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायला दूरच्या शहरांत गेलेली. गुंडाचे दोन्ही भाऊ तिकडेच. गुंडा मात्र फटफटीला नायट्रोजनचं भांडं बांधून गावोगाव हिंडायचा आणि गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचा. लोक त्याला डॉक्टर म्हणत, चहा पाजत, गाईविषयी शंभर प्रश्न विचारत. त्याच्याविषयी कुणी काही विचारत नसे. वय चौपन्न, बायको जाऊन अकरा वर्षं झालेली.

गावात एकट्या राहणाऱ्या बयाबाई एकदा त्याला म्हणाल्या, "आवं डाक्टर, ही दुधाची जनावरं लय नाजूक. मला एकटीला झेपंल, काय बी खाईल, असं वासरू होऊ द्या."

गुंडाच्या भांड्यात गोठवलेल्या वीर्याची एक वेगळी कांडी होती, सिमेंटल जातीची. थंड, डोंगराळ मुलखातली ही दोन कामांची जात. गाई दूध देतात, काळ्यापांढऱ्या विलायती गाईइतकं नाही, पण चांगलं घट्ट. गोऱ्हे झपाट्यानं अंग धरतात, तिकडं ते मांसासाठी वाढवतात. पाय भक्कम, स्वभाव गरीब. गुंडानं बयाबाईंच्या तांबड्या गाईला तीच कांडी भरली.

झाला गोऱ्हा. अंग तांबडं, तोंड पांढरंशुभ्र.

"ह्याचं मी काय करू वं?" बयाबाई म्हणाल्या. "दूध द्यायचा न्हाई. औताला जुंपावं तर वशिंड नावालाच."

मांसाची वाट इथं कायद्यानं बंद, आणि गुंडाच्या मनातही ती आली नाही. "मी नेतो, आक्का," तो म्हणाला.

त्यानं त्याचं नाव चांद्या ठेवलं. दोन वर्षांत चांद्या असा भरला, की दारात उभा राहिला म्हणजे घरात अंधार व्हायचा. गुंडानं त्याला गाडीला जुंपून पाहिलं; जू मानेवर ठरेना, कातडं सोललं. पुन्हा जुंपला नाही. पण कामावरून परतला, की गुंडा त्याच्याशी बोलत बसे. आज कुणाची गाय गाभण न राहता उलटली, कुणी चहात साखर कमी टाकली. चांद्या रवंथ करत ऐके. घरात इतकं बोलणं अकरा वर्षांत झालं नव्हतं.

मग चैत्रातलं ऊन तापलं. दहा वाजले की चांद्या जीभ बाहेर काढून धापा टाकायचा. गुंडा त्याच्या पाठीवर ओली पोती टाकायचा, दुपारची कामं सोडून घरी यायचा. जनावर सुकत चाललं होतं आणि हे त्याला दिसत होतं.

पशुपालकांच्या एका शिबिरात त्याला हंबीरराव भेटले, कोयनानगरच्या वर डोंगरात राहणारे. "पावसाळ्यात आमच्याकडं डाक्टर पोचतच न्हाई," ते म्हणाले. "माज निघून जातो, गाई रिकाम्या ऱ्हात्यात."

"माज्याकडं वळू हाय," गुंडाच्या तोंडून निघून गेलं. लगेच जीभ चावावीशी वाटली. पण शब्द गेला होता.

पहाटे टेंपो निघाला. घाटाची वळणं सुरू झाली, गार वारा आला, तसं चांद्यानं नाक वर करून तो हुंगला. वर पोचल्यावर तो उतारावरच्या गवतात शिरला आणि चरायलाच लागला. गुंडा रिकामा कासरा हातात धरून उभा होता.

त्यानंतर कितीतरी दिवस संध्याकाळी तो गोठ्यात पाण्याचं घमेलं भरून ठेवायचा, मग उचलून परसात ओतायचा.

दिवाळीनंतर तो वर गेला. चांद्यानं त्याचा हात हुंगला, एकदा चाटला आणि गाईंच्या मागं निघून गेला. अंगावर तकाकी आलेली.

"सात गाई गाभण हायती," हंबीरराव म्हणाले. "पर डाक्टर, गोऱ्हे झाले तर काय करायचं?"

"मलाबी ठावं न्हाई," गुंडा म्हणाला.

"बघू तवा. आज ऱ्हावा हितंच. भाकरी टाकाया सांगितल्यात."

"न्हाई वं, गावात एक गाय माजावर हाय." अशी कुठलीच गाय नव्हती.

पाटणला तो चहाला थांबला. राहायला हवं होतं, असं वाटलं. पण फटफटीचं तोंड आता घराकडं होतं.