दुसऱ्याच नवरीचा धवला

माझी बायको धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवला म्हणतात, ते गाणं म्हणायचा मान तिचा. त्यात नवरीचं नाव घ्यायचं, तिच्या आईबापाचं घ्यायचं, देवांना मांडवात बोलवायचं. नाव चुकलं तर लगीन लागलंच नाय, असं ती म्हणायची. मी चौथीपर्यंत शिकलो, पुढं मिठागरावर. ती जाऊन आठ महिने झाले. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या मिठागरांवर फार पूर्वी एक पिक्चर काढला होता. त्यातली आगरीण म्हणजे शहरातली गोरी बाई, तोंडाला काळा रंग फासलेली. घाम आला की मानेवर गोरी रेघ दिसायची. आम्ही हसायचो. नव्वदनंतर मुंबईच्या एका कंपनीनं तोच पिक्चर नव्यानं काढायला घेतला. या वेळी रंग फासणार नाही, खरी आगरी माणसंच घेणार, असं पेपरात छापून आणलं. धवलारीण म्हणून माझ्या बायकोला निवडलं.

पनवेलच्या सलूनमध्ये त्यावर वाद पेटला. रिटायर झालेले मास्तर म्हणाले, "उशिरा का होईना, तुमचे चेहरे पडद्यावर येतायत. आनंद माना."

सिमेंटचा दुकानदार म्हणाला, "कसला आनंद, मास्तर? गावागावात सरकारनं घेतलेल्या जमिनीचे पैसे आलेत. तिकिटं या आगऱ्यांनाच विकायची आहेत. उद्या पैसा दुसरीकडे गेला की चेहरेही तिकडचे."

"मास्तर, मान हलवू नका," न्हावी म्हणाला. "कान जाईल."

मी दुकानदाराच्या बाजूचा. घरी येऊन बायकोला तोंडावर म्हणालो, "कंपनीला तुझा काळा रंग पायजे. तू नाय."

ती सुकट निवडत होती. "रंग माझाच हाय ना? उसना तर नाय आनला. अन् धंदा करतान तर करू दे. तुमी मीठ विकलात, म्हनून ते आळणी झाला काय?"

 मी ताट घेऊन जेवायला बसलो.

दोन दिवस ती शूटिंगला गेली. अख्खा धवला म्हणून आली.

पिक्चर पनवेलच्या थेटरात लागला. तिचं तोंड पडद्यावर आलं तशा शिट्ट्या वाजल्या. मग तिनं तोंड उघडलं आणि आवाज आला दुसऱ्याच बाईचा. गोड, गुळगुळीत. आमच्या 'नाय'चं 'नाही' झालेलं. मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, "बघ, बोललो नव्हतो?" तिनं पदर कानावरून ओढून घेतला. 

पुढं वर्षभर मी तेच चारचौघांत सांगत फिरलो. माझं खरंच होतं. पण तिच्या तोंडावर ते मारायची काय गरज होती?

मग करंजाड्याला माझ्या भाचीचं लग्न निघालं. नवऱ्याचा भाऊ टेप घेऊन आला. "मामी, तुमी बसा आरामात. पिक्चरची कॅसेट आनलीय. तुमचाच धवला हाय."

हळद लागायला लागली, टेप सुरू झाला. धवल्यात नवरीचं नाव आलं ते पिक्चरमधल्या नवरीचं. भाची खाली मान घालून बसली होती. बाया हळद लावत होत्या. कुणाच्या ध्यानात आलं नाही. बायकोनं भरल्या मांडवात फक्त माझ्याकडे बघितलं.

"अवो, ही कोनाची नवरी?"

मी उठलो आणि टेप बंद केला. नवऱ्याचा भाऊ धावत आला. "मामा, काय झाला?"

"नाव चुकलंय. हळद त्या हिरोईनला लागतेय."

"गानाच तो. काय फरक परतो?"

"परतो. बस खाली."

तिनं धवला सुरुवातीपासून म्हटला. वयानं आवाज फाटला होता, मध्येच दम लागत होता. भाचीचं नाव आलं, माझ्या बहिणीचं आलं, तशी बहीण रडायला लागली. हळद संपेपर्यंत मी टेपवर हात ठेवून उभा होतो, कोणी परत लावू नये म्हणून.

तिच्या आवाजाची एकही कॅसेट माझ्याकडे नाही. त्या मांडवात टेप होता, कोरी कॅसेट मागितली असती तर कोणीही दिली असती. मला सुचलं नाही.