अस्वलाचे केस

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते माझ्या अक्काचं. माझ्या वाट्याची मेंढरंही तिनंच राखली, म्हणून मी भोरच्या शाळेत गेलो आणि आमच्या घरातला पहिला बी.ए. झालो.

लग्नानंतर ती वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, दाजींच्या धनगरवाड्यावर राहत असे. जंगलखात्याचा एक साहेब बदली होऊन जाताना आपलं हिमालयाकडचं कुत्रं दाजींना देऊन गेला होता. वासराएवढं, काळं, केसाळ. वाड्यावर त्याला सगळे अस्वलच म्हणत. हाक मारली तरी ते लगेच येत नसे. आधी कळपाकडे पाही, मग आपल्या मनानं उठे. पण कोकरं त्याच्या अंगावर चढून झोपली, की उठेपर्यंत ते हलत नसे.

बी.ए.ची परीक्षा देऊन मी वाड्यावर गेलो, तेव्हा ऊन तापलं होतं. अक्का नणंदेच्या बाळंतपणाला पालीला गेली होती. दाजी मेंढरं कातरत होते. बाजूला कुत्रं धापा टाकत पडलेलं मला बघवेना.

"दाजी, ह्यालाही कातरा."

"त्येला इचारलं का?" दाजी हसले. "त्येची लोकर कोन घेनार? ऱ्हाऊ दे."

"मेंढरांना गार वाटतं, मग ह्यानं काय पाप केलं?"

"बरं बाबा. एवढ्या शिकल्याल्या मानसाला आमी काय सांगनार."

मी डोकं धरलं, दाजींनी कात्री चालवली. एक बाजू झाली तसं ते आपणहून दुसऱ्या कुशीवर वळलं. तिसऱ्या दिवशी त्याची पाठ लाल झाली, फोड आले. खाणं सोडून ते गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. केसच त्याचं ऊन अडवत होते, हे मला तेव्हा कळलं.

अक्का परतली. कुत्र्याला बघून ती दाजींना म्हणाली, "ह्ये काय करून ठेवलं? घरात शिकल्यालं मानूस हाय, त्येला तरी इचारायचं."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी काही बोललो नाही. तेही नाही.

महिनाभर अक्कानं त्या पाठीला लोणी लावलं, दुपारी अंगावर ओलं धडपं घातलं, ताकात कुस्करलेली भाकरी हातानं भरवली. मी जवळ बसलो, की कुत्रं आपलं जड डोकं माझ्या पावलांवर ठेवी. मला पाय हलवता येत नसे.

पुढं मी भोरला मास्तर झालो. दसऱ्याच्या सुमारास दाजी बाजाराला आले. "केस आलं त्येचं," ते म्हणाले. "पर तुजी अक्का अजून कात्री लपवून ठेवती." ते हसले. मला हसू येईना.

त्याच दिवशी मी पत्र लिहिलं. अक्काला वाचता येत नव्हतं. तिची पत्रं गावातले गुरुजी पारावर चारचौघांत वाचून दाखवत, हे मला ठाऊक होतं.

"अक्का,

कुत्र्याला कातरायला मीच सांगितलं. दाजी नको म्हणत होते. डोकं मी धरलं होतं. तू दाजींना बोललीस तेव्हा मी गप्प राहिलो, कारण तू मला शहाणा समजतेस, ते मला मोडायचं नव्हतं. दाजींना कात्री परत दे. दिवाळीला येतो, तेव्हा मला काय बोलायचं ते बोल. येताना अस्वलासाठी मोठ्या दातांची फणी आणतो. उन्हाळ्यात त्याला नुसतं विंचरू."